जळगावातील एक विधी सीईटी क्लास: शिकवणीपेक्षा फॉर्मचे टेबल सरस

तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी देणे आलेच. भुसावळच्या एका पतसंस्थेतील नोकरी सांभाळून ही परीक्षा देण्याचे मी ठरवले आणि जळगावच्या एका खासगी क्लासच्या शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये नाव घातले. बरे-वाईट दोन्ही लिहायचे असल्याने क्लासचे नाव येथे देत नाही. मात्र माझे मत आधीच सांगते: या क्लासची शिकवणी मध्यम दर्जाची आहे, पण प्रवेश-अर्जाच्या कामात तो विद्यार्थ्यांना जी मदत करतो, तिच्यासाठी दिलेले शुल्क मला जड वाटले नाही.

परीक्षेचे स्वरूप ठाऊक असल्याशिवाय शिकवणीचे माप काढता येत नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत आता 120 प्रश्न, 120 गुण आणि दोन तास असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यांतील 24 प्रश्न कायदेविषयक कल आणि तर्काचे, 32 सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचे, 24 तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेचे आणि तब्बल 40 इंग्रजीचे असतात. म्हणजे एक तृतीयांश गुण एकट्या इंग्रजीकडे आहेत, आणि क्लासच्या वेळापत्रकात इंग्रजीला रविवारचा शेवटचा तास आहे, जेव्हा चोपडा-यावलकडची मुले परतीच्या एसटीसाठी दप्तर आवरू लागलेली असतात. इतर विभागांचे प्रश्न मराठीतूनही वाचता येतात, इंग्रजीच्या विभागात ती सोय असणे शक्यच नाही; तेव्हा मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला सर्वाधिक आधार नेमका तेथेच हवा असतो. व्याकरणाच्या नियमांची झेरॉक्स वाटून हा आधार मिळत नाही. उतारावाचनाचा सराव तर आम्हाला जवळजवळ मिळालाच नाही.

कायदेविषयक तर्काचा तास मात्र या क्लासचे भूषण आहे. जिल्हा न्यायालयात वकिली करणारे एक गृहस्थ तो घेतात. प्रश्नात जे तत्त्व दिले असेल तेच प्रमाण मानायचे आणि आपले व्यवहारज्ञान दाराबाहेर ठेवायचे, ही या प्रश्नांची पहिली अट ते उदाहरणांतून अंगवळणी पाडतात. यावल तालुक्यातला सतरा वर्षांचा मुलगा वडिलांच्या पश्चात केळीच्या बागेचा सौदा करतो, व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि नंतर माल दुसऱ्याला देतो. दिलेले तत्त्व एवढेच की अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) व्यक्तीने केलेला करार मुळातूनच निरर्थक असतो. वर्गातील निम्म्याहून अधिक जणांचा कौल व्यापाऱ्याच्या बाजूने पडला, कारण ज्याच्या घरी केळी आहे त्याला बुडालेल्या उचलीचे दुःख कळते. सरांनी कोणालाही चूक म्हटले नाही. “भाऊ, तुमचा न्याय बरोबर असेल, पण प्रश्नात न्याय विचारलेला नाही, तत्त्वाचा परिणाम विचारला आहे,” असे म्हणून त्यांनी मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा याच तत्त्वावरचा, प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाचा) 1903 चा निवाडा समजावून सांगितला. त्यानंतर या प्रकारचे प्रश्न सोडवताना वर्गातला गोंधळ बराच ओसरला. असा शिक्षक आठवड्यातून एकदाच मिळावा, ही तक्रारच समजावी.

छापील नोट्सबद्दल बरे लिहिणे कठीण आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, 1860 ची भारतीय दंड संहिता मागे पडली. तरी नोट्समध्ये खुनाला कलम 302 आणि फसवणुकीला 420 हेच आकडे होते. विचारल्यावर मागच्या बाजूला एक तक्ता चिकटवून देण्यात आला, ज्यात 302 च्या जागी 103 आणि 420 च्या जागी 318 असे बदल दाखवले होते. तक्ता बरोबर होता, पण प्रवेश परीक्षेच्या पुस्तिकेत जुना मजकूर ठेवून त्यावर ठिगळ लावणे शोभत नाही. सामान्य ज्ञानाचा भाग तर सरळ तलाठी भरतीच्या बॅचमधून उचललेला दिसतो. फैजपूरचे 1936 चे काँग्रेस अधिवेशन हे ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन होते, हे आपल्या भागातील कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. त्याऐवजी घटनादुरुस्त्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे निकाल यांना वेळ द्यायला हवा होता. सराव परीक्षा संगणकावर होतात हे खरे, पण संगणक मोजकेच असल्याने पाळी लावावी लागते.

आता फॉर्मच्या टेबलाविषयी, ज्यासाठी हा मजकूर लिहावासा वाटला. तेथे बसणाऱ्या मॅडम शुल्काची पावती फाडण्याआधी कागद तपासतात. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांना त्यांनी विचारले, “दादा, पदवी मुक्त विद्यापीठाची आहे ना? मग बारावी झाली आहे का?” प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर सारे अवलंबून असते. विधी शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांनुसार, दहावी-बारावीसारखी मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी एलएल.बी.च्या प्रवेशाला चालत नाही, आणि खान्देशात नोकरी किंवा शेती सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांची संख्या लहान नाही. त्या गृहस्थांची बारावी झालेली होती. नसती तर त्यांना शुल्क न घेता परत पाठवले असते, असे मॅडमनी स्पष्ट सांगितले. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 45, इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी 42 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्क्यांची अटही त्या तेथेच तपासतात. मी नोकरी करते हे कळल्यावर त्यांनी विधी महाविद्यालयातील 70 टक्के उपस्थितीच्या नियमाचीही आठवण करून दिली, जे ऐकायला मला फारसे आवडले नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सीईटीचा अर्ज हा प्रवेशाचा अर्ज नव्हे, हे त्या प्रत्येकाच्या मनावर ठसवतात. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, कागदपत्रे अपलोड करावी लागतात, त्यांची छाननी होते आणि मगच महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरता येतात. चांगले गुण मिळवूनही ही नोंदणी न करणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र या गोष्टी सेतू केंद्रातून किंवा समितीकडून यायला वेळ लागतो, म्हणून क्लासने त्यांची यादी परीक्षेपूर्वीच हातात दिली होती. शासनाच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना मिळणारी शुल्कमाफीही केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच लागू आहे. संस्थास्तरावर, म्हणजे थेट महाविद्यालयाकडून, जागा मिळवली तर ही माफी हातची जाते. ही बाब मला दुसऱ्या कोणी सांगितली नव्हती.

पसंतीक्रम भरतानाही मॅडम घाई करू देत नाहीत. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयापासून सुरुवात करून खाली सगळी पुण्याचीच नावे लिहिणाऱ्या मुलांना त्या वसतिगृहाचा आणि खाणावळीचा खर्च कागदावर मांडायला लावतात, आणि मग जळगावचे मणियार विधी महाविद्यालय किंवा नंदुरबारचे महाविद्यालय यादीत कोठे बसवायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवू देतात.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी येथे येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. क्लासच्या फलकावर क्लॅटचेही, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचेही, नाव आहे, पण त्या परीक्षेत लांबलचक इंग्रजी उताऱ्यांवर प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. त्या तयारीसाठी येथे स्वतंत्र साहित्य मला दिसले नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे ध्येय असेल तर दुसरी सोय पाहावी. तीन वर्षांच्या सीईटीसाठी मात्र, इंग्रजीची तयारी स्वतंत्रपणे करण्याची ज्याची तयारी आहे, त्याने येथे नाव घालायला हरकत नाही. शुल्क पाच आकडी नाही आणि ते दोन हप्त्यांत भरता येते. केवळ अर्जाच्या मदतीसाठी वेगळे शुल्क घेता का, असेही मी विचारले होते. तशी सोय त्यांनी ठेवलेली नाही, ती त्यांनी सुरू करावी.