भजनी मंडळाला अनुदान मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध

बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या भजनी मंडळांसाठी हे मुद्दाम लिहितोय. निपाणीकडच्यांनीही वाचावं, कारण तो माणूस आता तिकडं फिरतोय असं कानावर आलंय. "पखवाज, टाळ, पेटी घ्यायला महाराष्ट्र शासनाचे पंचवीस हजार मिळवून देतो, आधी तुमचा लोकवाटा भरा," असं म्हणत कोणी देवळात आलं तर एक रुपया देऊ नका. पासबुकाची झेरॉक्स तर अजिबातच नको. आमच्या मंडळाचे नऊ हजार सहाशे गेले. आजूबाजूच्या गावांतून किती गेले ते कोणी उघड बोलत नाही. का बोलत नाही, ते पुढं सांगतो.

हा माणूस काकड्याच्या महिन्यात आला. पहाटे देवळात हजर. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. काकडा संपेपर्यंत मागं बसून टाळ वाजवले, आणि चांगले वाजवले, लय कुठं सोडली नाही. चहाच्या वेळी आमच्या तात्यांचा पखवाज मांडीवर ओढून घेतला, शाईवरून, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या थरावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "माउली, शाईला तडे गेलेत. आता गट्टे कितीही ठोका, सुरात यायचा नाही. पुडीच बदलायला पाहिजे." तात्या हेच वर्षभर आम्हाला ऐकवत होते आणि आम्ही सुगी झाल्यावर बघू म्हणत होतो. निम्मं काम त्याचं तिथंच झालं.

मग कुमार गंधर्व निघाले. कुमारजींचा जन्म १९२४ साली आपल्या सुळेभावीचा, हे बेळगावकडच्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. "कुमारांच्या मातीत भजनाची ही दशा?" म्हणाला. हे नाव काढलं की आपली माणसं सरसावून बसतात, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

त्यानं सांगितलेल्यातलं बरंच काही खरं होतं, आणि खरी गोम तिथंच आहे. २०२५च्या गणेशोत्सवाच्या सुमाराला महाराष्ट्र शासनानं राज्यातल्या १,८०० भजनी मंडळांना साहित्य खरेदीसाठी प्रत्येकी २५,००० रुपये जाहीर केले होते. पेपरात आलेली बातमी, आम्हीही वाचलेली. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांना २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय झाला, हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टींना त्यानं मधेच एक खोटी गाठ मारली: "जशी दवाखान्याची योजना ८६५ गावांना दिली, तसाच भजनी मंडळांसाठी सीमाभागाचा वेगळा कोटा काढलाय." गावांची छापील यादी पुढं केली. आमच्या गावाच्या नावावर पिवळा पट्टा मारलेला. १९५६ पासून महाराष्ट्रात जायचं म्हणून मोर्चे काढलेली, लाठ्या खाल्लेली माणसं त्या देवळात बसली होती. त्या पिवळ्या पट्ट्यावर हात फिरवून एक आजोबा गप्पच झाले. अशा वेळी "कोटा कुठल्या शासन निर्णयानं (जीआरनं) काढला?" असं विचारणारा माणूस गावाला भांडखोरच वाटतो.

पैशाचा हिशेब असा. नोंदणी आणि प्रस्ताव तयार करायचे २,१०० रोख, त्याची शिक्का मारलेली पावती. मग दहाएक दिवसांनी फोन: प्रस्ताव मंजूर झाला, आता ३० टक्के लोकवाटा म्हणजे ७,५०० भरा, की कोल्हापूरच्या दुकानातून सगळं साहित्य घरपोच. व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर नाव आलं एका बाईचं, ना खात्याचं ना दुकानाचं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम आमच्या लेखाधिकारी आहेत." दिंडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून खजिनदारांनी भरले.

नंतर पुढचा महिनाभर फोन उचलायचा, गोड बोलायचा. एकदा ट्रेझरीत अडकलंय, एकदा आचारसंहिता लागलीय. महाराष्ट्रात तेव्हा नगरपालिकांच्या निवडणुका खरोखरच लागल्या होत्या, म्हणून तेही पटलं. मग फोन बंद.

छडा लावला माझ्या भाचीनं. ती कोल्हापुरात शिकते. त्यानं दिलेल्या शासन निर्णयाची प्रत तिनं फोटोवर मोठी करून बघितली. महाराष्ट्राच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो, आणि त्याचे पहिले आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख. या कागदावर वर तारीख २०२५ची आणि खालचा संकेतांक २०१८ पासून सुरू होणारा. कुठल्यातरी जुन्या जीआरचं शेपूट कापून याला चिकटवलेलं. शासनाच्या संकेतस्थळावर तो आकडा टाकल्यावर भलत्याच खात्याचा निर्णय उघडला. शिवाय खऱ्या योजनेत मंडळानं स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा होता आणि त्याची मुदत सप्टेंबरातच संपली होती. हा बाबा आला कार्तिकात.

आता लोक गप्प का बसलेत ते. इथल्या पोलिसांत जाऊन काय सांगायचं? महाराष्ट्र सरकारचं अनुदान घ्यायला गेलो होतो म्हणून? उगाच कशाला वाकडं, नाव चळवळीत लागायचं, पोरांच्या नोकरीला आड यायचं, ही भीती गावोगाव आहे आणि ती काही हवेतून आलेली नाही. तिकडं चंदगड, कोल्हापूरला जावं तर "तुम्ही कर्नाटकातले, तिथंच तक्रार द्या." शेजारच्या गावातल्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला हात जोडून सांगितलं, "आमचं नाव कुठं घेऊ नका, गेले ते गेले." माझ्या मते या भामट्यानं सीमाभाग निवडला तो यासाठीच. साताऱ्यात किंवा सांगलीत हाच डाव टाकला असता तर आठवड्यात पकडला गेला असता.

आम्ही तक्रार दिली. आणि जी भीती होती तसं काही घडलं नाही, म्हणून हेही लिहितो. अर्जात सीमाप्रश्न आणायची गरजच पडली नाही: अमुक माणसानं अमुक तारखेला खोटे कागद दाखवून पैसे घेतले, एवढंच. फसवणूक ही फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ दोन्ही राज्यांत एकच आहे. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावरून परत पाठवायला लागले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, मागा; जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. ऑनलाइन गेलेल्या पैशासाठी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर देशभर चालतो, पण तिथं वेळेला किंमत आहे. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरचं खातं गोठवता येतं. आम्हाला कळेपर्यंत त्या बाईच्या खात्यात शिल्लक काही उरली नव्हती.

पैशापेक्षा मला कागदांची काळजी जास्त आहे. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार तिघांच्या आधारच्या झेरॉक्स आणि मंडळाचं पासबुक त्याच्याकडे आहे. बँकेत लेखी अर्ज देऊन ठेवलाय. केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तिघांच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही तपासून घेतलं. ज्यांनी कागद दिलेत त्यांनी निदान एवढं तरी करा, तक्रार द्या नाहीतर देऊ नका.

माणूस पन्नाशीचा, सडपातळ, उजव्या हाताच्या अंगठ्याला जुनी जखम. बोलणं कोल्हापुरी वळणाचं, कन्नड समजतं पण बोलत नाही. लाल फाइल, जुनी मोटारसायकल, नंबरप्लेट महाराष्ट्राची. निपाणीकडं म्हणे आता महिला भजनी मंडळं गाठतोय आणि लोकवाटा दहा हजारांवर नेलाय. पावती, यादी आणि तो जीआर या तिन्हींचे फोटो आमच्याकडं आहेत. तुमच्या मंडळाला तसलाच कागद मिळाला असेल तर शिक्का ताडून बघायला मागून घ्या, आणि तक्रारीत आमच्या अर्जाचा दाखला द्यायचा असेल तर तोही देतो.