जोधपूरचा लोखंडी कूलर बेळगावात चालतो का?

एक पंचा ओला करा, घट्ट पिळा आणि दुपारी दोनच्या सुमाराला सावलीतल्या दोरीवर टाका. अर्ध्या-पाऊण तासात खडखडीत वाळला तर हा कूलर तुमच्या घरी काम करेल. चार वाजले तरी हाताला ओलसर लागला तर त्यात पैसे घालू नका. आपल्या भागापुरतं सांगायचं तर अथणी, रायबाग, गोकाककडच्यांनी खुशाल घ्यावा. खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडच्यांनी घेऊ नये. बेळगावात राहणाऱ्यांनी मार्च-एप्रिलच्या दुपारींपुरताच हिशेब धरावा. एकच कूलर दहा उन्हाळे वापरून हे लिहितेय. त्यातले पहिले तीन जोधपूरचे, पुढचे सगळे इथले.

ह्यांची नोकरी फौजेतली. 2015 च्या पावसाळ्यात जोधपूरला बदली झाली. क्वार्टर लगेच मिळणार नव्हतं, म्हणून शहरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी मूळची येळ्ळूरची. चार महिने शेतात पाणी उभं असलेलं बघत वाढलेली. तिथे वर्षाकाठी साडेतीनशे ते चारशे मिलिमीटर पाऊस पडतो म्हणे. आपल्या कणकुंबीला एकट्या जुलैतच त्याच्या कितीतरी पट पडतो. ते घर दगडी होतं, छतसुद्धा लांबलचक दगडी पट्ट्यांचं. दिवसभर तो दगड ऊन पीत राहायचा आणि रात्री अकराला हात लावला तरी भाकऱ्या झाल्यावरच्या तव्यासारखा कोमट लागायचा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेता यायचं नाही. सकाळच्या आंघोळीचं पाणी रात्रीच बादल्यांत भरून ठेवायचं, म्हणजे ते निवायचं. बेळगावात आम्ही पहाटे बंब पेटवायचो, तिथे पाणी गार करायला रात्र लागायची.

एप्रिल 2016 मध्ये धाकट्याचा आठवड्यात दोनदा घोळणा फुटला. डॉक्टर म्हणाले, हवा कोरडी आहे, नाकाला तुपाचं बोट लावा आणि घरात कूलर घ्या. त्याच संध्याकाळी पत्र्याचं काम करणाऱ्या एका छोट्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो खिडकीचा. खिडकी कुठल्या बाजूला आहे, आणि तिच्या समोर दार आहे का? दार नसेल तर मोठा कूलर देऊन उपयोग नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. ही गोष्ट आपल्याकडच्या दुकानात मला आजवर कुणी विचारलेली नाही, आणि कूलरचं अर्धं यश त्यातच आहे.

आम्ही घेतला तो 18 इंची पंख्याचा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, 80 लिटरची टाकी, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या, तळाशी छोटा पंप. 5,800 रुपये पडले. हे गवत म्हणजे लाकडाच्या बारीक लांब किसाची गादी असते. आम्ही वरचे 400 रुपये देऊन मधल्या जाळीत वाळा भरून घेतला. पहिल्यांदा पंप चालू केला, पाणी जाळ्यांवरून झिरपायला लागलं आणि खोलीभर वाळ्याचा वास सुटला. माझी आजी उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकायची, हुबेहूब तोच वास. येळ्ळूरपासून इतक्या लांब आल्यावर, त्या तापलेल्या खोलीत तो वास आला तेव्हा मी बराच वेळ कूलरसमोर नुसती उभी होते.

ह्याचं काम माठासारखंच चालतं. पाणी हवेत विरताना आजूबाजूची उष्णता ओढून नेतं, आणि ती थोडीथोडकी नसते. 1 लिटर साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सात-आठ पट उष्णता तेवढंच पाणी वाफ होऊन उडून जाताना घेतं. पण हवेत वाफेला जागा पाहिजे. जोधपूरच्या मे महिन्यातल्या हवेत जागाच जागा असते. मी भिंतीवरचा साधा तापमापक काढून मोजलं होतं. व्हरांड्यात 43 अंश, कूलरच्या तोंडाशी 28. पंधरा अंशांचा फरक, आणि वीज एसीच्या मानाने फारच थोडी.

त्या मे महिन्यात आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, राहायला आल्या होत्या. जोधपूर-बेंगळूर गाडी बेळगावावरूनच जाते, त्यामुळे त्यांना मध्ये कुठे बदलावं लागलं नाही. त्या आल्या आणि 19 मे ला फलोदीला 51 अंश तापमान नोंदलं गेलं. देशात तोवर एवढं कधीच नोंदलं गेलं नव्हतं, आणि फलोदी आमच्यापासून दीडशे-एक किलोमीटरवर. त्या आठवड्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घराबाहेर कुणी दिसायचं नाही. बाहेर लू सुटलेली. दार किलकिलं केलं तर भट्टीचं झाकण उघडल्यासारखा झोत तोंडावर यायचा. आत्याबाई दिवसभर कूलरसमोर चटईवर बसून शेंगा सोलायच्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "अगं, माठात बसल्यागत वाटालंय की!" कूलरबद्दल याहून नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही.

आता त्याचे दोष. पहिला दोष जिवावर बेतणारा आहे, म्हणून तोच सविस्तर सांगते. दुकानातून आलेल्या कूलरला दोनच तारांची वायर होती, अर्थिंग नव्हतं. जूनमध्ये एकदा अनवाणी फरशी पुसत होते, जमीन ओली, आणि तोल सांभाळायला हात कूलरच्या पत्र्याला लागला. खांद्यापर्यंत झटका बसला आणि मी मागे फेकली गेले. पंपाच्या वायरचं आवरण पाण्यात राहून फुटलं होतं. ह्यांनी त्याच दिवशी तीन तारांची वायर आणि तीन पिनचा प्लग बसवला, घराचं अर्थिंग तपासून घेतलं. तेव्हापासून नियम एकच: पाणी भरायचं तर आधी बटण बंद करून प्लग काढायचा, पायात चप्पल हवी, आणि मुलांनी पत्र्याला हात लावायचा नाही. लोखंडी कूलर घेणाऱ्या प्रत्येकाने बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, एवढं बघावंच.

दुसरा दोष पाण्याचा. सकाळी अकराला टाकी काठोकाठ भरली की पाचच्या आत तळ दिसायचा. रात्रीची अर्धी धरली तर रोजचे 120 लिटर. आमच्या गल्लीत एक दिवसाआड पाणी यायचं. हे पाणी येतं तरी कुठून? पंजाबात हरिकेला सतलज आणि बियास मिळतात, तिथून इंदिरा गांधी कालवा निघतो, त्याचं पाणी उपसून कायलाना तलावापर्यंत आणतात आणि मग शहराला देतात. कालव्याची दुरुस्ती उन्हाळ्याच्या तोंडावर निघते, तिला तिथे नहरबंदी म्हणतात. नेमका कूलरचा हंगाम आणि नेमकं तेव्हाच पाणी कमी. शेजारच्या मारवाडी भाभींच्या घरात पाण्याचे माठ ठेवायचा वेगळा ओटा होता, परींडा म्हणायचे त्याला. देवघराइतकाच तो स्वच्छ असायचा. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायचा तो पाऊण भरून, उरलेलं ओतून टाकायला लागू नये म्हणून. त्या घरात बघून आल्यावर मला कूलरची टाकी भरताना दर वेळी जड वाटायचं. हिमालयातून निघालेलं पाणी मी माझ्या खोलीच्या गारव्यासाठी हवेत उडवत होते, आणि मुलगा बघितला की पुन्हा बटण दाबत होते.

तिथलं पाणी क्षाराचं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. महिन्याभरात जाळ्यांवर पांढरा थर चढायचा, बोटाने खरवडला तर मिठासारखा भुगा पडायचा. जाळी काढून अंगणात आपटली की पायाशी पांढरी रांगोळी. दर आठवड्याला टाकी रिकामी करायची, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. एकदा ते शिल्लक पाणी वाया जाऊ नये म्हणून तुळशीला घातलं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि तुळस गेली. तेव्हापासून ते फक्त फरशी पुसायला.

एवढं सगळं असूनही जोधपूरच्या कोरड्या हवेची मला आजही आठवण येते, आणि ती उगाच नाही. सकाळी आठला घातलेले उडदाचे पापड दहाला डब्यात. जीनची पँट अर्ध्या तासात वाळून कडक. मीठ कधी पाझरलं नाही, गूळ कधी सुटला नाही. धाकटा तान्हा असताना जुलैत आम्ही येळ्ळूरला होतो, तेव्हा शेगडीवर टोपली पालथी घालून त्याची दुपटी वाळवायचो, आणि तरी त्यांना धुराचा नि कुबट वास यायचा. कपाटातले चामडी बूट काढले तर बुरशीने हिरवे. तिथे तीन वर्षांत बुरशी म्हणून दिसली नाही. आणि रात्री! सूर्य गेला की कोरड्या आभाळाखाली उष्णता धरून ठेवणारं काही राहत नाही. गच्चीवर दोन बादल्या पाणी शिंपडायचं, ती वाफ निघून जाईपर्यंत तास-दोन तास थांबायचं आणि मग गाद्या टाकायच्या. पहाटे चारला चादर ओढून घ्यावी लागायची. अधूनमधून मात्र आंधी यायची आणि गाद्या गुंडाळून खाली पळावं लागायचं. दातांखाली, दुधावर, मुलांच्या पापण्यांवर वाळू. पायांच्या भेगा तीन वर्षं भरल्या नाहीत.

2018 ला हे निवृत्त झाले. सामानाच्या ट्रकमधून कूलर बेळगावला आला. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण पहिल्या एप्रिलच्या दुपारी खिडकीत बसवला, समोरचं दार उघडं ठेवलं, आणि तापमापक पुन्हा काढला. बाहेर 36, कूलरच्या तोंडाशी 26. होळीनंतर वळीव पडेपर्यंत बेळगावची दुपारची हवा चांगली कोरडी असते, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. रात्री इथे तसाही गारवा उतरतो, कूलर लागतच नाही. जूनमध्ये हौसेने लावून बघितला. बाहेर 27, तोंडाशी साडेपंचवीस, आणि खोलीतली चादर दमट. हवा आधीच भरलेली, पाण्याने जायचं कुठे? टाकी दोन दिवसांत निम्मीसुद्धा झाली नाही. त्यावरूनच ओळखावं: पाणी संपत नसेल तर कूलर गारही करत नाही.

खानापूरच्या धाकट्या बहिणीने गेल्या वर्षी चकचकीत प्लॅस्टिकचा कूलर ऑनलाइन मागवला, 11,000 रुपयांचा, रिमोटवाला. मे महिन्याच्या अखेरीला, दारं-खिडक्या लावून. पंधरा दिवसांत भिंतीला ओल आली आणि तिच्या पैठणीवर पांढरे ठिपके. जाहिरातीत एसीसारखी बंद खोली दाखवली होती. कूलरला बंद खोली म्हणजे गळा दाबल्यासारखं, आत गेलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट लागतेच. तिच्या घराच्या मंगलोरी कौलांतून जेवढा वारा खेळतो तेवढा पंख्याखाली पुरेसा आहे, असं मी तिला सांगितलं. तिने कूलर विकला, निम्मे पैसे आले.

टिकाऊपणाला मात्र पूर्ण गुण. दहा वर्षांत दोन पंप बदलले, प्रत्येकी साडेतीनशेच्या आत. टाकीचा तळ एकदा गंजला, तो डांबर लावून घेतला. पंख्याची मोटर मूळचीच आहे. आवाज मोठा आहे, टीव्ही ऐकू येत नाही. गवताच्या जाळ्या बेळगावात मिळाल्या नाहीत, कोल्हापूरहून आणते. बेळगावला येणाऱ्या राकसकोप धरणाच्या पाण्यात तो पांढरा थर चढतच नाही, त्यामुळे एक जोडी दोन उन्हाळे जाते.

यंदा कूलर अथणीला नणंदेकडे चाललाय. तिच्याकडे फेब्रुवारीपासूनच पंचा वीस मिनिटांत वाळतो, आणि दारात बोअरचं पाणी आहे. रविवारी टेम्पो येईल. वाळ्याच्या दोन जुड्या मी पिशवीत बांधून ठेवल्यात, आणि हे सकाळपासून तिच्या घरच्या अर्थिंगची चौकशी फोनवर करताहेत.