‘शंभर टक्के हेट’ म्हणून विकलेली मादी

अमेरिकेत बॉल पायथन (एक छोटा अजगर) पाळणारी आणि आता पिल्लं काढायच्या विचारात असलेली बरीच मराठी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इलिनॉयमधल्या एका रेप्टाइल एक्स्पोत एका ब्रीडरने मला पायबाल्डची ‘शंभर टक्के हेट’ जोडी विकली, म्हणजे तो रंग दिसत नसला तरी त्याचं जनुक दोघांत नक्की आहे असं सांगून. त्यातली मादी हेट नव्हतीच.

पायबाल्ड म्हणजे अंगावर मोठे पांढरेशुभ्र पट्टे असलेला बॉल पायथन. हा गुण रिसेसिव्ह आहे हे पीट काल यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं. पांढरा रंग दिसायला जनुकाच्या दोन्ही प्रती लागतात. एकच असेल तर तो साप हेट, दिसायला चारचौघांसारखा काळा-तपकिरी. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे आपण मोजतो.

आई-बापांपैकी एक तरी स्वतः पायबाल्ड असेल तर साधं दिसणारं पिल्लू शंभर टक्के हेट. दोन हेटच्या जोडीतलं साधं पिल्लू हेट असण्याची शक्यता तिनात दोन, म्हणून ६६ टक्के. हेट आणि साध्या सापाच्या जोडीतलं ५० टक्के. तिन्ही पिल्लं शेजारी ठेवली तर कुणालाही ओळखता येणार नाहीत. किमती मात्र वेगळ्या.

त्या माणसाने मादी उलटी करून पोट दाखवलं. मधे स्वच्छ, कडेने काळ्या रेघा. ‘हे हेट पाइडचं मार्कर!’ पाइड म्हणजे पायबाल्ड, मार्कर म्हणजे ओळखखूण. अशा रेघा बऱ्याच हेटमध्ये असतात हे खरं, पण हेट नसलेल्या सापांतही असतात. आई-बापांचे फोटो पाठवतो म्हणाला, ते कधीच आले नाहीत.

मादी दीड किलोच्या आसपास भरून अंड्यांवर यायला काही वर्षं जातात. तेवढं थांबलो. सहा अंडी झाली, इन्क्युबेटरमध्ये दोनेक महिने गेले, आणि सहाही पिल्लं साधी निघाली. त्याला कळवलं तर म्हणे, ‘नशीब असतं, पुढच्या वर्षी बघा.’

गणित त्याच्या बाजूने होतं, हेच संतापजनक आहे. दोन हेटच्या जोडीत प्रत्येक अंड्याला पायबाल्डची शक्यता चारात एक. जोडी अगदी खरी असली तरी सहाही अंड्यांत पायबाल्ड न येण्याची शक्यता जवळपास १८ टक्के. खोटे हेट याच आडोशाने खपतात. नर स्वतः पायबाल्ड असता तर शक्यता निम्मी-निम्मी झाली असती, आणि मादी हेट असूनही सहाच्या सहा साधी निघणं चौसष्टात एकदाच घडलं असतं. त्याने हेट जोडीचाच एवढा आग्रह का धरला, हे मला तेव्हा उमगलं.

शेवटी दोघांची कात लॅबला पाठवली. कातेवरून पायबाल्डची तपासणी होते, सापाला टोचावंही लागत नाही. नर हेट निघाला, मादी नाही. रिपोर्ट पाहून तो म्हणाला, ‘मी पॉसिबल हेट म्हणूनच दिली होती.’ म्हणजे हेट असेल किंवा नसेलही. पावतीवर नुसतं ‘हेट पाइड’ होतं, टक्का नव्हता. पैसे बुडाले.

ती पिल्लं मी ‘५० टक्के पॉसिबल हेट’ असं लिहूनच दिली. ६६ लिहा, कोण बघतंय, असा सल्ला एकाने दिला होता. तो ऐकला असता तर तीच फसवणूक पुढच्या घरी गेली असती.

हेट घेणार असाल तर पैसे देण्याआधी त्याच सापाच्या कातेचा रिपोर्ट मागा. पावतीवर टक्का, आई-बापांचे मॉर्फ (रंग-नक्षीचे प्रकार) आणि सापाचा फोटो हवाच. आणि खर्च एकदाच झेपणार असेल तर हेट जोडीऐवजी पायबाल्ड नर घ्या. नर मादीपेक्षा लवकर वयात येतो, आणि तो पायबाल्ड आहे की नाही हे समोर दिसतं.