भोकाचे केंद्र साधणारी तीन साधने : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या आमच्या घरी तळमजल्याच्या एका खोलीत गोल खांबाची छोटी मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या हत्याराने धातू कापणारे यंत्र, आहे. तिच्यावर मी मुख्यतः पंपांच्या आणि मोटरींच्या बेअरिंग प्लेटी दुरुस्त करतो. अशा कामात आधीच असलेल्या भोकाचे केंद्र स्पिंडलच्या (हत्यार धरून फिरणाऱ्या दांड्याच्या) अक्षाखाली नेमके आणावे लागते, आणि त्यासाठी गेले आठ महिने मी एज फाइंडर (कडेला टेकवून तिची जागा शोधणारी दांडी), लिव्हर डायल (टोकाच्या छोट्या दांडीने भिंतीचा फरक काट्यावर दाखवणारे मापक) आणि कोअॅक्सिअल डायल ही तिन्ही साधने आलटूनपालटून वापरली आहेत.

एज फाइंडर जॉबच्या (कामाच्या तुकड्याच्या) सरळ कडेसाठी उत्तम आहे. भोकासाठी मात्र त्याने मला बराच काळ फसवले. भोकाच्या डाव्या आणि उजव्या भिंतीला टेकवून, टेबल सरकवणाऱ्या हँडव्हीलवरच्या दोन आकड्यांचा मध्य काढावा, ही रीत बरोबर वाटते. परंतु दोन भिंतींकडे जाताना स्क्रू परस्परविरुद्ध दिशांनी फिरतो, त्यामुळे स्क्रूमधला निम्मा प्ले (दिशा बदलताना जाणवणारा सैलपणा) केंद्राच्या चुकीत उतरतो. माझ्या टेबलाचा प्ले ०.१२ मिमी होता, म्हणजे प्रत्येक केंद्र ०.०६ मिमीने सरकत होते, आणि ६२०३ बेअरिंगच्या ४० मिमी बैठकीसाठी ही चूक मुळीच चालण्यासारखी नाही.

लिव्हर डायल हा प्रश्नच उरू देत नाही. तो स्पिंडलला लावून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने फिरवला, की समोरासमोरच्या दोन भिंतींची थेट तुलना होते. हँडव्हीलच्या आकड्याचा संबंधच येत नाही. समोरासमोरच्या वाचनांत ०.०६ मिमी फरक दिसला, तर टेबल ०.०३ मिमी हलवायचे, हे निम्म्याचे गणित नवख्यांनी पक्के लक्षात ठेवावे. डायल धरणारा चक थोडा वाकडा फिरत असला तरी केंद्र बरोबरच मिळते, कारण डायल स्पिंडलच्याच अक्षाभोवती फिरतो. मात्र त्याच चकात पुढे ड्रिल लावले, तर वाकडेपणा भोकात उतरतो. त्यामुळे मी ड्रिलसाठी कोलेट (हत्यार सरळ पकडणारी चिरलेली नळी) घेतले, आणि बैठकीसाठी ड्रिलवर न विसंबता बोअरिंग हेड (एका पात्याने भोक हवे तेवढे मोठे कापणारे साधन) वापरू लागलो. लिव्हर डायलचा एकच जाच आहे : अर्ध्या फेरीत त्याचे तोंड पलीकडे वळते आणि आकडा पाहण्यासाठी लहान आरसा धरावा लागतो.

या जाचाला कंटाळून मी कोअॅक्सिअल डायल घेतला. स्पिंडल संथ फिरत असताना त्याची चकती समोर स्थिर राहते आणि काटा हलायचा थांबेपर्यंत टेबल सरकवायचे, एवढेच काम उरते. दहा मिनिटांचे काम दोन मिनिटांत झाले, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. काट्याच्या हालचालीला प्रत्यक्ष मिलिमीटरचे माप समजू नये, कारण फीलरची (भोकाच्या भिंतीला टेकणाऱ्या दांडीची) लांबी बदलली की तिचे प्रमाण बदलते. तरी केंद्र साधायला त्याने काही अडत नाही.

अडते ते उंचीपाशी. हा डायल आणि फीलर मिळून इतका लांब होतो, की तो काढून कोलेट आणि ड्रिल लावल्यावर मशीनचे हेड (स्पिंडल असलेला वरचा भाग) खाली आणावेच लागते, आणि गोल खांबावर हेड सरकवले की ते खांबाभोवती किंचित वळते. दोन मिनिटांत साधलेले केंद्र त्या एका हालचालीत जाते. चौकोनी खांबाच्या, डव्हटेल मार्गाच्या (हेड वळू न देता सरळ सरकवणाऱ्या खाचेच्या) मशीनवर हा दोष नाही. तिथे मी हे साधन निःसंकोच सुचवेन.

बडोद्याच्या उन्हाळ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. अॅल्युमिनियमची २०० मिमी प्लेट दहा अंशांनी तापली, तर सुमारे ०.०४६ मिमी वाढते, म्हणून मे महिन्यात दोन भोकांमधले अंतर मी सकाळीच साधतो.

सध्या मी हेडवर लेझरचा लहान दिवा बसवला आहे आणि त्याची रेघ समोरच्या भिंतीवर आखून ठेवली आहे. हेड हलवल्यावर प्रकाश त्या रेघेवर परत आणला, की माझ्या खोलीत चूक साधारण ०.१ मिमीपर्यंत राहते, आणि उरलेला फरक लिव्हर डायलने पाच मिनिटांत निघतो.