राजगडाची फेरी वेबवर: ट्वाइन, इंक की पी५.जेएस?

समजा, राजगडाची फेरी ब्राउझरमध्ये बांधायची आहे. गुंजवण्यातून चोरदरवाज्याने चढायचं की पालीकडून पाली दरवाज्याने, हे वाचकाने ठरवायचं. मग पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या आणि बालेकिल्ला, हव्या त्या क्रमाने. सोबत फोटो, वाऱ्याचा आवाज आणि जमलंच तर बोटाने सरकवता येणारा नकाशा. यासाठी तीन मोफत साधनं आहेत आणि तिन्हींचे कट्टर भक्तही आहेत. मला विचाराल तर आधी एवढंच पाहा: वाचकाचं बोट नुसता पर्याय निवडणार आहे, की काही ओढणार-फिरवणार आहे?

ट्वाइन

ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेल्या या साधनात पडद्यावर चौकोन मांडायचे आणि चौकोनात मजकूर लिहायचा. [[चोरदरवाज्याने चढा->पद्मावती माची]] असं लिहिलं की दुसरा चौकोन आपोआप उगवतो, बाणही जोडला जातो. चौकोनांना मराठी नावं चालतात. ज्याने जन्मात कोड पाहिलेला नाही, तोही तासाभरात पहिली वाट चालवून दाखवतो. पुढे चौकोन पन्नासच्या वर गेले की बाणांची जाळी होते आणि कुठली वाट कुठे निघते हे आपलं आपल्यालाच कळेनासं होतं.

यात हार्लो, शुगरक्यूब असे वेगवेगळे कथा-साचे आहेत. हार्लो आपोआप निवडलेला असतो, म्हणून बहुतेक जण तिथेच सुरुवात करतात. पण आवाजाची सोय शुगरक्यूबमध्ये मुळातच आहे, हार्लोमध्ये ती बाहेरून जोडावी लागते. दोघांची लिहिण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे अर्ध्या वाटेवर साचा बदलला तर 'वाचक आधी इथे आला असेल तर हे दाखव' अशा सगळ्या अटी पुन्हा लिहाव्या लागतात. वाऱ्याचा आवाज हवाच असेल तर पहिल्या दिवशीच शुगरक्यूब घ्या.

शेवटी हाती एकच एचटीएमएल फाइल येते. फोटो आणि आवाज मात्र तिच्यात नसतात, ते शेजारच्या फोल्डरात ठेवून पत्ता द्यावा लागतो. आणखी एक: ट्वाइन ब्राउझरमध्येच वापरलं तर कथा ब्राउझरच्या साठ्यात राहते. तो साफ केला की कथा गेली. सफारी तर सात दिवस तिथे फिरकला नाहीत तर असा साठा स्वतःच पुसून टाकू शकतो. त्यापेक्षा संगणकावर उतरवून घ्यायची आवृत्ती बरी.

इंक

इंकल या ब्रिटिश गेम स्टुडिओने स्वतःच्या गेमसाठी बनवलेली आणि २०१६ मध्ये सर्वांना खुली केलेली ही लेखनभाषा. इथे चौकोन नाहीत, सरळ मजकुराची फाइल. ओळीआधी * टाकला की तो पर्याय एकदा निवडल्यावर नाहीसा होतो, + टाकला की पुन्हा पुन्हा येतो. गडफेरीत हा फरक फार कामाचा. 'तळ्याकाठी टेका' एकदाच, 'पद्मावतीवर परत फिरा' कायम.

इंकची खरी गंमत वाटा परत एकत्र आणण्यात आहे. वाटाड्या विचारतो, "दमलात का?" वाचकाची तीन उत्तरं, वाटाड्याचे तीन टोमणे, आणि पुढच्या ओळीला एक - दिला की सगळे पुन्हा त्याच पायवाटेला. ट्वाइनमध्ये एवढ्यासाठी सहसा तीन चौकोन आणि सहा बाण. शिवाय मजकुराच्या प्रत्येक भागाला, म्हणजे इंकच्या भाषेत प्रत्येक 'गाठी'ला, वाचक किती वेळा येऊन गेला याची मोजणी आपोआप ठेवली जाते. म्हणून संजीवनीवर पोचलेल्याला वाटाड्या म्हणू शकतो, "सुवेळेचं नेढं बघून आलात ना? आता ही चिलखती तटबंदी बघा." आधी सुवेळेला न गेलेल्याला हे वाक्य दिसतच नाही. गाठींची नावं तेवढी रोमन लिपीत ठेवा, आतला मजकूर खुशाल मराठीत.

कमी कुठे? रूपात. इंकी या संपादकातून वेबसाठी निघणारं पान अगदी साधं असतं. फोटो, आवाज हॅश (#) लावून जोडता येतात, पण त्यापुढची सजावट करायला सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) आणि थोडी जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) यायला हवी.

पी५.जेएस

हे कथेचं साधनच नाही, चित्र काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे. सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र नव्याने रेखाटलं जातं, म्हणून नकाशा बोटाखाली सरकतो आणि बोट संजीवनीच्या टोकाकडे नेलं की वारा वाढवता येतो. पहिल्या दोघांना स्वतःच्या बळावर हे जमत नाही. उलट पर्याय, आठवण, मागे जाणं हे सगळं इथे तुम्हीच लिहायचं.

देवनागरीचा काटा इथे आहे. १ क्रमांकाच्या आवृत्त्यांत फॉन्टची फाइल थेट पी५मध्ये चढवली की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. फॉन्ट सीएसएसमधून आणून नुसतं नाव दिलं तर ब्राउझर अक्षरं नीट जुळवतो. तरी कॅनव्हासवरचा, म्हणजे पी५ जिथे चित्र काढतं त्या चौकटीतला मजकूर निवडता किंवा शोधता येत नाही, तेव्हा लांब परिच्छेद तिथे नकोतच.

आवाजाचा नियम तिघांनाही सारखा: २०१८ पासून क्रोमही वाचकाने काही दाबल्याशिवाय आवाज सुरू होऊ देत नाही. पहिल्या पडद्यावर 'चढायला सुरुवात करा' असं बटण ठेवा. आणि आवाज एमपी३मध्येच द्या, जुन्या आयफोनवर ऑग या प्रकारची आवाजाची फाइल वाजत नाही.

शाळेतल्या मुलांकडून फेरी बनवून घ्यायची असेल तर ट्वाइन. त्यांना चौकोन हलवायला आवडतं आणि पन्नासच्या वर ती जात नाहीत. शब्दांवर जीव असेल, तिघे-चौघे मिळून लिहिणार असाल, तर इंक. साधी मजकूर-फाइल असल्याने कोणी काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. पी५ एकटं घ्यायचं ते नकाशाच नायक असेल तेव्हाच. मी स्वतः राजगडासाठी गोष्ट इंकमध्ये लिहीन, इंकजेएसने (इंकची गोष्ट ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने) ती पानावर चालवीन आणि नकाशापुरता पी५चा एक कॅनव्हास शेजारी ठेवीन. त्याआधी फक्त चोरदरवाजा आणि पाली दरवाजा, एवढ्या दोनच वाटा बांधून फोनवर उघडून पाहीन.