'कार्ड गेलंय' सांगून माथी मारलेलं बनावट ग्राफिक्स कार्ड

जुन्या ग्राफिक्स कार्डाला नवा अल्ट्रावाइड मॉनिटर जोडला, कॉम्प्युटर सुरू केला आणि स्क्रीन काळीच राहिली, तर 'कार्ड गेलं' असं सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. याच वाक्यावर माझ्याकडून पैसे उकळले गेले. बदल्यात मिळालं ते २०१० च्या पिढीतलं कार्ड, नव्या कार्डाचं नाव चढवलेलं.

माझं कार्ड एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स ९६०. मॉनिटर ३४ इंची, ३४४०×१४४०, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. डिस्प्लेपोर्ट केबलने (एचडीएमआयसारखीच मॉनिटर जोडायची दुसरी केबल) जोडला, तर सुरुवातीला ना लोगो, ना बायोसची (विंडोजच्या आधीच्या सेटिंगची) स्क्रीन, नुसता अंधार. मग एकदम विंडोजचा लॉगिन. कधी तोही नाही. जुना मॉनिटर एचडीएमआयवर लावला की सगळं सुरळीत. जुने पार्ट विकणाऱ्या एकाचं नाव ओळखीतल्या लोकांनी सुचवलं होतं, त्याला हे सगळं सविस्तर सांगितलं. तो ठामपणे म्हणाला, "सर, डिस्प्लेपोर्ट जळालंय. मोठ्या मॉनिटरचा लोड जुन्या कार्डाला झेपत नाही. असंच चालवत राहिलात तर मदरबोर्डही जाईल."

यातला शब्दन् शब्द खोटा होता. डिस्प्लेपोर्ट १.३ आणि १.४ चे मॉनिटर जुन्या एनव्हिडिया कार्डांना जोडल्यावर विंडोज येईपर्यंत स्क्रीन काळी राहू शकते, कधी मशीन सुरू होतानाच अडकू शकतं. त्यासाठी एनव्हिडियाने २०१८ मध्ये एक फर्मवेअर अपडेट (कार्डातल्या मूळ प्रोग्रामची सुधारणा) काढलं, तेही फुकट. ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांना ते लागू आहे. जुना मॉनिटर किंवा एचडीएमआय लावून मशीन सुरू करायचं, तो छोटा प्रोग्राम चालवायचा, की तो कार्डाला अपडेटची गरज आहे का ते स्वतःच तपासतो. काही मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टचं व्हर्जन १.२ वर आणण्याची सोयही असते. पार्ट विकून पोट भरणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

त्याने सुचवलं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. फोटो पाठवले ते फक्त पंख्यांच्या बाजूचे. व्हिडिओ कॉलवर कार्ड मशीनमध्ये लावून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी, उघडून दाखवलं. नाव बरोबर, मेमरी बरोबर. पोर्टांची पट्टी दाखवा म्हटल्यावर "एचडीएमआय आहे ना, शंभर हर्ट्झ आरामात मिळतील" एवढंच उत्तर. पैसे आधी घेतले.

कार्ड हातात आलं तेव्हा पट्टीवर डीव्हीआय, एचडीएमआय आणि निळं व्हीजीए पोर्ट. डिस्प्लेपोर्ट नाहीच. हे निळं पोर्ट नीट लक्षात ठेवा. १००० मालिकेच्या चिपमधून एनव्हिडियाने व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल काढूनच टाकला आहे, त्यामुळे खऱ्या १०५० टीआयवर थेट व्हीजीए येत नाही. 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डावर ते दिसलं, तर पुढचं काही तपासायचीही गरज नाही. तिथेच नाही म्हणा.

तरी मी लावून पाहिलं. रिझोल्युशनच्या यादीत ३४४०×१४४० नव्हतंच. १९२०×१०८० चं चित्र रुंद स्क्रीनभर ताणलं गेलं, प्रत्येक गोल आयकॉन अंड्यासारखा. एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर (विंडोजमधून कार्ड चालवणारा प्रोग्राम) टाकताच मशीन कोसळलं. फोन केला तर म्हणे, "तो ड्रायव्हर टाकायचा नाही. मी लिंक देतो तोच टाका आणि अपडेट बंद ठेवा." खरं कार्ड अधिकृत ड्रायव्हरवर चालतंच. विकणारा स्वतःचा ड्रायव्हर देतो आणि अपडेट करू नका सांगतो, तेव्हा त्याला काय लपवायचंय ते उघड आहे.

मग कार्डातल्या चिपची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम चालवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या २.१२ आवृत्तीपासून हा प्रोग्राम अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखतो. नावाच्या आधी कंसात 'फेक', कंपनीच्या लोगोच्या जागी उद्गारचिन्हाचा त्रिकोण. खाली चिप जीएफ १०६, ४० नॅनोमीटर, शेडर (चित्राची गणितं करणारे चिपमधले छोटे भाग) १९२. म्हणजे २०१० चं जीटीएस ४५०. खऱ्या १०५० टीआयमध्ये चिप जीपी १०७ असते आणि शेडर ७६८. चार जीबीचा आकडाही रंगवलेलाच. एक जीबी भरली की गेम गोठायचा.

कार्डाचं नाव विंडोजला कळतं ते कार्डाच्या स्वतःच्या बायोसमधल्या (कार्डावरच साठवलेल्या मूळ प्रोग्राममधल्या) ओळखीवरून, आणि हा बायोस पुन्हा लिहिता येतो. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव हा पुरावा धरू नका, मग ते व्हिडिओ कॉलवर समोर दाखवलेलं का असेना. जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती त्याच कॉलवर चालवायला सांगा, चिपचं नाव आणि शेडरचा आकडा वाचून घ्या, पोर्टांची पट्टी जवळून पाहा. प्रामाणिक विक्रेत्याला यात पाच मिनिटंही लागत नाहीत.

सगळ्यात जास्त चीड येते ती याची की मला नव्या कार्डाची गरजच नव्हती. फर्मवेअर अपडेट केल्यावर तेच ९६० आज ३४४०×१४४० वर १०० हर्ट्झ देतंय. १४४ देत नाही, त्याला कारण आहे. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून प्रत्यक्षात सेकंदाला १७.२८ गिगाबिट डेटा जातो. या रिझोल्युशनला १४४ हर्ट्झसाठी, साध्या ८ बिट रंगात, साधारण १९ गिगाबिट लागतात; १०० हर्ट्झला तेरा पुरतात. एचडीएमआय २.० ची मर्यादा १४.४ आहे, म्हणजे तिथेही शंभर बसतात. एचडीएमआय १.४ वाल्या जुन्या कार्डावर मात्र ८.१६ मध्ये जेमतेम ६० मिळतात, आणि काही मॉनिटर ५० वरच थांबतात. जड गेम १०० फ्रेमवर चालणार नाहीत हेही खरं, कारण फुल एचडीपेक्षा जवळजवळ २.४ पट पिक्सेल रंगवावे लागतात. फ्रीसिंक मॉनिटरवर अॅडॅप्टिव्ह सिंक (कार्डाच्या फ्रेमप्रमाणे मॉनिटरचा वेग बदलणं) हवं असेल तर एनव्हिडियाचं १००० मालिकेपासून पुढचं कार्ड लागतं. पण लिखाण, कोडिंग, व्हिडिओ, हलके गेम यांसाठी जुनं कार्ड पुरतं, आणि हे तुम्हाला कोणी विकायला आलेला माणूस सांगणार नाही.

परतीसाठी भांडावं लागलं. "कार्ड तुम्हीच बदललंत" हा त्याचा पहिला पवित्रा. पाकीट उघडताना काढलेला व्हिडिओ, त्यात दिसणारा मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर, त्याच कार्डाचा जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट आणि 'अपडेट करू नका' हा त्याचा स्वतःचा मेसेज, एवढं ज्या सेवेतून पैसे दिले तिथे तक्रारीसोबत जोडलं, तेव्हा तो गप्प झाला आणि रक्कम परत आली. अशी वेळ आली तर चिप बघायला कूलर उघडू नका. स्क्रू हलला की 'तुम्हीच बिघडवलं' म्हणायला त्याला आयतं कारण मिळतं.

आणि ज्यांनी अशा विक्रेत्याच्या लिंकवरून ड्रायव्हर टाकला असेल, त्यांनी पैशांच्या आधी मशीनकडे बघा. ड्रायव्हरला विंडोजमध्ये खोलवर हात घालता येतो आणि त्या फाइलमध्ये आणखी काय आहे हे कोणालाच माहीत नसतं. विंडोज नव्याने टाका, आणि बँकेचे व मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.