अपडेट दुरुस्तीच्या नावाखाली बाबांचे ५,४९९ रुपये गेले

ज्या कामासाठी माझ्या बाबांकडून ५,४९९ रुपये उकळले, ते काम करणारी कमांड त्यांच्याच लॅपटॉपमध्ये आधीपासून होती, तीही फुकट. फोनवरच्या ठगाने ती त्यांच्या डोळ्यांदेखत चालवली आणि तिचेच पैसे लावले. नागपुरात घरोघरी निवृत्त माणसं सोसायटीचे हिशेब, पेन्शनचे कागद, लाइटबिल असं सगळं लॅपटॉपवर करतात. त्यांच्यापैकी कुणीतरी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

लॅपटॉप विंडोज ११ चा. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचं सुरक्षा अपडेट निघतं, आपल्याकडे ते साधारण बुधवारी दिसतं. बाबांच्या लॅपटॉपवर ते डाउनलोड व्हायचं, रीस्टार्टही व्हायचं आणि मग बदल मागे घेऊन पुन्हा तिथंच यायचं. खाली लाल अक्षरांत एरर, त्याच्या शेवटी ८००७३७१२. बाबांनी तो आकडा जसाच्या तसा सर्चमध्ये टाकला. सगळ्यात वर जी लिंक आली ती जाहिरात होती. विंडोजचे ओळखीचे चार निळे चौकोन, ‘अधिकृत अपडेट रिपेअर टूल’ असा मथळा आणि डाउनलोडचं मोठं बटण. टूल काही सेकंद फिरलं, १,३८७ गंभीर एरर दाखवले आणि खाली टोल-फ्री नंबर दिला.

एवढं एक ध्यानात असू द्या: मायक्रोसॉफ्टच्या एरर किंवा इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की तो संदेश खोटा.

फोनवरचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने बोलला. त्याने एनीडेस्क, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं अॅप, घ्यायला लावलं आणि लॅपटॉपचा ताबा घेतला. पुढचं मला नेमकं सांगता येतं, कारण बाबा लेखा विभागातले. त्यांनी त्याची प्रत्येक कृती वेळेसकट डायरीत उतरवली आणि मोबाइलवर स्क्रीनचे फोटोही काढले.

पहिल्या फोटोत इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडलेला आहे, लाल खुणांची लांबच लांब यादी. ‘ये सब हैकर की एंट्री है, अंकल.’ ही यादी धडधाकट कॉम्प्युटरवरही अशीच दिसते. आतली एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही तरी तिथं नोंद होते. तुमच्याच मशीनवर आज उघडून बघा.

दुसऱ्या फोटोत कमांड प्रॉम्प्टची, म्हणजे कमांड टाइप करायची, काळी खिडकी. त्याने ‘ट्री’ ही कमांड दिली होती, जी फक्त फोल्डरांची यादी छापते. ओळी भराभर वर सरकत असताना त्याने मागून एक वाक्य टाइप केलं आणि यादी संपताच ते तळाशी उमटलं: सिस्टिममध्ये ट्रोजन (लपून बसणारा घातक प्रोग्रॅम) सापडला. फोटो मोठा करून पाहिला तर ते वाक्य कमांड लिहायच्या जागी, बाणाच्या खुणेला चिकटून आहे. म्हणजे कॉम्प्युटरने काहीही सांगितलेलं नाही, ते हाताने लिहिलेलं आहे. हा फोटो पाहून माझं डोकंच फिरलं.

पैसे यूपीआयने गेल्यावर त्याने ‘दुरुस्ती’ केली. डायरीत नोंद आहे: एसएफसी, तिरकी रेघ, स्कॅननाऊ. ही विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी, आतच असलेली कमांड. शेवटी काही फाइली बिघडलेल्या आहेत, पण त्या दुरुस्त करता आल्या नाहीत, असा खराखुरा संदेश आला. तोच दाखवून त्याने तीन वर्षांचा ११,९९९ रुपयांचा प्लॅन पुढे केला. तेवढ्यात मी घरी पोचलो आणि वायफाय बंद केलं. बाबा म्हणाले, ‘अरे, तो काम करूनच राहिला होता, मी समोर बसून पाहिलं ना!’ त्यांचं काही चुकीचं नव्हतं, काम दिसतच होतं.

आता खरा बिघाड. एसएफसीला बिघडलेली फाइल दिसली की ती विंडोजच्याच आतल्या साठ्यातून चांगली प्रत आणून बसवते. ८००७३७१२ चा अर्थच असा, की तो साठा बिघडला आहे. मग एसएफसी चांगली प्रत आणणार कुठून? म्हणून आधी साठा नीट करायचा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा आणि हा साठा दुरुस्त करणारी डीआयएसएमची कमांड द्यायची: ऑनलाइन, क्लीनअप-इमेज, रिस्टोअरहेल्थ. इंग्रजी स्पेलिंग मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सपोर्ट पानावरून उतरवून घ्या. ही कमांड चांगल्या फाइली थेट विंडोज अपडेटमधून आणते, त्यामुळे नेट चालू हवं. ६२ टक्क्यांच्या आसपास ती अडकल्यासारखी वाटते, तेव्हा खिडकी बंद करू नका. ती संपली की एसएफसी, मग रीस्टार्ट. बाबांचं अपडेट एवढ्यावरच बसलं.

नसतं बसलं तरी मार्ग होते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथं विंडोज अपडेट वापरून दुरुस्ती करायची सोय विंडोज ११ मध्येच आहे. तीच आवृत्ती पुन्हा बसते आणि फाइली, प्रोग्रॅम, सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन ‘फाइली आणि अॅप्स ठेवा’ हा पर्याय निवडायचा. पत्त्यात सुरुवातीच्या ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी, पुढून दुसरा शब्द न चिकटलेलं ‘मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ असल्याशिवाय काहीही डाउनलोड करू नका. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुरुस्तीला लॅपटॉप घेऊन गेलात आणि बघताक्षणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं ऐकू आलं, तर आधी हे करून झालंय का, ते विचारा.

ताबा दिला गेला असेल तर कॉम्प्युटरआधी पैशाचं बघा. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहार क्रमांक, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मोबाइलवरून. आम्ही एनीडेस्क काढलं आणि ते ‘टूल’ही काढलं. ते गुपचूप स्टार्टअपच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत जाऊन बसलं होतं. नंतर डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन चालवलं.

पैसे अजून परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. दरम्यान बाबांना नवे फोन येऊ लागलेत: आमची कंपनी बंद होतेय, तुमचं रिफंड द्यायचंय, एक क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, तो पैसे देताना लागतो. ज्यांच्या घरी असा प्रकार आधी घडलाय, त्यांनी घरातल्या मोठ्यांना हे आजच सांगा, कारण दुसरा फोन त्यांनाच येणार आहे.